शिंगाळा आणि मांगूर : कुकडीच्या खोऱ्यातील माशांचे नामकरण व भ्रूणविज्ञान

जुन्नरच्या उत्तरेस, कुकडी नदी ओलांडल्यावर, लेण्याद्रीचा डोंगर लागतो. त्याच्या कड्यात सुमारे तीस बौद्ध लेणी असून त्यांचा काळ सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातील मानला जातो. यांपैकी सातव्या लेण्यात पुढे गिरिजात्मज गणपतीची स्थापना झाली. या परिसरातील शिलालेखांच्या नकला १८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. त्या पाठविणारा विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी होय. याच साइक्सने दोन वर्षांनी, १८३९ साली, लंडनच्याच प्राणिशास्त्र सोसायटीच्या वृत्तान्तात दख्खनच्या माशांवरील आपला निबंध छापला. जुन्नरची लेणी आणि भीमेच्या खोऱ्यातील मासे ही दोन्ही अशा रीतीने एकाच माणसाच्या टिपणवहीतून पाश्चात्य विद्वानांसमोर गेली.

शिलालेखांच्या बाबतीत नकलेनंतर वाचनाचे काम लवकरच सुरू झाले. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला तो याच १८३७ सालात. माशांच्या बाबतीत मात्र नाव नोंदविणे आणि जीवनक्रम जाणणे यांमध्ये शतकाहून अधिक अंतर पडले. हे अंतर का पडले, ते कोणत्या माशांच्या बाबतीत आधी भरून निघाले, आणि त्याचा कुकडी-घोडेच्या पाण्यावर काय परिणाम झाला, हा येथे विचाराचा विषय आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे की, ज्या माशाचा अंड्यापासून पिलापर्यंतचा विकास माणसाच्या हाती आला, त्या माशाला पाणी मिळाले. ज्याचा आला नाही, त्याला केवळ नाव उरले.

मिशाळ माशांचे, म्हणजे ज्यांच्या अंगावर खवले नसून तोंडाभोवती मिशा असतात अशा माशांचे निरीक्षण फार जुने आहे. ॲरिस्टॉटलने ग्रीसमधील ग्लानिस नावाच्या माशाविषयी लिहून ठेवले आहे की, अंडी घातल्यावर मादी निघून जाते आणि नर चाळीस-पन्नास दिवस अंड्यांची व पिलांची राखण करतो. मध्य युरोपातील परिचित मिशाळ मासा तसे करताना दिसेना, म्हणून अनेक शतके हे वर्णन काल्पनिक ठरविले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लुई अगासीने ग्रीसमधील अखेलोस नदीतील मासे तपासून तो मासा वेगळ्याच जातीचा असल्याचे दाखविले आणि ॲरिस्टॉटलचा शब्द खरा ठरला. या जातीस आज ॲरिस्टॉटलचेच नाव आहे. यातून निघणारा बोध पुढील विवेचनासही लागू पडतो : एका जातीच्या अंड्याविषयीचे ज्ञान दुसऱ्या जातीस आंधळेपणाने लावता येत नाही.

महाराष्ट्राच्या बऱ्याच भागावर राज्य करणाऱ्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यातील मत्स्यविनोद नावाच्या प्रकरणात माशांचे खवल्यांचे आणि कातडीचे असे विभाग केलेले असून नदीतील व समुद्रातील मासे वेगळे सांगितले आहेत. कोणत्या माशास कोणते आमिष द्यावे, याचाही तपशील आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. राजाच्या करमणुकीसाठी लिहिलेल्या या प्रकरणाची दृष्टी गळाला लागणाऱ्या मोठ्या माशावर खिळलेली आहे. मासा कसा जन्मतो हा प्रश्न तेथे उद्भवण्याचे कारण नव्हते.

साइक्सची नेमणूक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत, १८२४ साली, दख्खनची सांख्यिकीय पाहणी करण्यासाठी झाली होती. १८२९ साली ते पद रद्द झाल्यावरही त्याने १८३१ च्या आरंभापर्यंत आपले काम चालू ठेवले. पुण्याची मुळा-मुठा, भीमेकाठचे पेडगाव, चाकणजवळची इंद्रायणी, घोडेवरील कळंब अशी ठिकाणे त्याच्या मत्स्यनिबंधात येतात. यांपैकी कळंब हे गाव आजच्या आंबेगाव तालुक्यात मोडते. निबंधाचा विशेष असा की, त्यातील बहुसंख्य नव्या जातींना त्याने कोळ्याभोयांच्या तोंडची मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. शिंगाळा ‘सींघाला’ झाला, शिंगटी ‘सींगटी’ झाली, घोगरा ‘गोग्रा’ झाला. लोनाह, टाकरी, गुंगवारी, कुटुरनी, इचकिया ही नावेही तशीच रोमन लिपीत गेली. क्वचित एखाद्या माशास त्याने ब्रिटिश संग्रहालयातील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन याच्यासारख्या परिचिताचे नाव दिले. पुढे प्रजातींची नावे अनेकदा बदलली, तथापि जातिवाचक शब्द नियमाप्रमाणे टिकून राहिले. म्हणून भीमेच्या शिंगाळ्यास आजही जगभर ‘स्पेराटा सींघाला’ असे म्हणतात. ही परंपरा पुढेही दिसते. मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातील सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली दख्खनमधील एका नव्या मिशाळ माशाचे वर्णन केले, तेव्हा त्याच्या नावात ‘खवलचोर’ हा मराठी शब्द कायम ठेवला.

नामकरणासाठी एक मेलेला प्रौढ मासा पुरतो. काट्यांची संख्या, मिशांची लांबी, टाळूवरील दातांची मांडणी ही लक्षणे बाजारात मिळालेल्या नमुन्यावरही मोजता येतात. भ्रूणविकासाच्या अभ्यासास मात्र जिवंत अंडे हवे, ते कोणत्या क्षणी फलित झाले हे ठाऊक हवे, आणि मग तासातासाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहावयास हवे. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने १८२७ साली सस्तन प्राण्याचे अंड ओळखले आणि १८३५ साली माशांच्या विकासावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. साइक्सचा निबंध छापला गेला तेव्हा माशाचे अंडे कसे पाहावे हे युरोपात अज्ञात नव्हते. भारतीय मिशाळ माशांच्या बाबतीत अडचण दृष्टीची नसून अंडे हाती येण्याची होती.

ती अडचण माशाच्या सवयींतच आहे. देशी मागूर पावसाळ्यात भातखाचरांच्या व डबक्यांच्या कडेला बिळासारखी खाच करून तीत चिकट अंडी घालतो, आणि नर ती राखतो. शिंगाळा नदीच्या तळाशी खळगे करून त्यांत अंडी ठेवतो. ज्या दिवसांत हे घडते त्याच दिवसांत नदीला पूर असतो, पाणी गढूळ असते आणि जाळी टाकणे कठीण असते. खळगा सापडलाच, तरी त्यातील अंडी किती तासांची हे सांगता येत नाही. तलावात कोंडून ठेवलेल्या मादीच्या पोटात अंडी वाढतात. परंतु नवे पाणी आणि योग्य जागा न मिळाल्यास ती बाहेर न पडता पोटातच जिरून जातात. फ्रान्सिस डे याने १८७५ ते १८७८ या काळात भारतीय माशांवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि जातींच्या ओळखीचा पाया त्याने पक्का झाला. त्यानंतरही मागुराच्या जीवनक्रमाविषयीचे मुखर्जी व मजुमदार यांचे विवेचन प्रसिद्ध होण्यास १९५० साल उजाडावे लागले.

हा अडसर दूर झाला तो मेंदूच्या तळाशी असणाऱ्या एका लहानशा ग्रंथीमुळे. पोष ग्रंथीचा अर्क टोचल्यास माशाचे प्रजनन घडवून आणता येते, हे १९३० नंतर प्रथम दक्षिण अमेरिकेत लक्षात आले. अर्जेंटिनात बर्नार्दो ऊसाय यांनी आणि ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी त्या दिशेने काम केले. भारतात हमीद खान यांनी १९३८ च्या सुमारास मृगळ माशावर सस्तन प्राण्याच्या पोष ग्रंथीचा अर्क वापरून पाहिला. मिशाळ माशांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९५६ हे होय. त्या साली एल. एस. रामस्वामी व बी. आय. सुंदरराज यांनी शिंगी या माशात घडवून आणलेल्या प्रजननाचा वृत्तान्त अमेरिकेतील ‘सायन्स’ या साप्ताहिकात आला, आणि लगोलग मागुरावरील त्यांचे कामही प्रसिद्ध झाले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांना कार्प गटातील माशांत तसेच यश मिळाले. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. कार्प माशांच्या यशाचा गाजावाजा अधिक झाला हे स्वाभाविक आहे. तथापि मिशाळ माशांवरील यश त्याच्या आधीचे आहे, हे कालक्रमाच्या दृष्टीने विसरता येत नाही.

या तंत्राने मत्स्यपालकास पिले मिळाली, त्याचप्रमाणे भ्रूणशास्त्रज्ञास विकासाच्या घड्याळाचा आरंभबिंदू मिळाला. मादीस अर्क टोचून ठरावीक तासांनी तिचे पोट हलके दाबले की अंडी बाहेर येतात. मागुराच्या गटातील नराचे शुक्र मात्र तसे दाबून निघत नाही. त्यासाठी नर मारून वृषण काढावे लागते आणि त्याचा रस अंड्यांवर सोडावा लागतो. पाण्याचा स्पर्श होताच फलनाचा क्षण निश्चित होतो, आणि तेथून पुढील प्रत्येक बदल मिनिटांत व तासांत मोजता येतो.

मागुराचे अंडे सुमारे दीड मिलिमीटर व्यासाचे असते. त्याचा बहुतेक भाग पीतकाने व्यापलेला असून जिवंत द्रव्य एका ध्रुवाशी लहान चकतीसारखे जमा होते. विदलन केवळ या चकतीत होते. पीतक अखंडच राहते. उबदार पाण्यात सुमारे तासाभरात चकतीचे दोन भाग होतात. मग चार, आठ, सोळा असे करीत थोड्याच तासांत पीतकावर असंख्य पेशींची टोपी बसते. ही टोपी हळूहळू खाली पसरून दहा-बारा तासांत पीतकास चोहोकडून वेढते. याच काळात तिच्या कडेशी पेशी आत वळून भ्रूणाचा अक्ष उमटतो. त्यानंतर डोके, डोळ्यांच्या पुटिका, पृष्ठरज्जू आणि तिच्या दोन्ही बाजूंना कायखंडांची रांग दिसू लागते. शेपटी पीतकापासून सुटी होते, हृदय धडधडू लागते, भ्रूण कवचात झटके देऊ लागतो, आणि दिवसभराच्या सुमारास कवच फाटते. बाहेर पडलेले पिलू पारदर्शक असते. तोंड उघडलेले नसते आणि पोटाशी पीतकाची पिशवी असते. मिशांचे कोंब, तोंड आणि अन्ननलिका पुढील दोन-तीन दिवसांत तयार होतात, आणि तीन-चार दिवसांत पीतक संपते. हवेतून श्वास घेण्याचा जो खास अवयव मागुरास चिखलात जगवितो, तो अंड्यात तयार होत नाही. त्याचे काम त्यानंतर काही दिवसांनी सुरू होते. म्हणून प्रौढ मागूर जेथे तग धरतो त्या पाण्यात त्याचे कोवळे पिलू गुदमरून मरते.

तापमानाचा या घड्याळावर किती प्रभाव पडतो, हे आफ्रिकी मांगुराच्या आकड्यांवरून कळते. त्याची अंडी ३० अंश सेल्सियसला सुमारे २० तासांत फुटतात, २५ अंशांस सुमारे २७ तास लागतात, तर २० अंशांस सुमारे ५७ तास. तापमान दहा अंशांनी उतरले असता लागणारा काळ जवळजवळ तिप्पट होतो. या लांबलेल्या काळात मेलेल्या अंड्यांवर बुरशी धरते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांस ग्रासते. निसर्गात नर आपल्या परांनी पाणी हलवून काही अंशी हे टाळतो. मत्स्यबीज केंद्रात त्याचे काम वाहते पाणी करते. ॲरिस्टॉटलने वर्णिलेल्या राखणदार नराची जागा अशा प्रकारे नळाने घेतली.

हे सर्व ज्ञान सर्वांत लवकर आणि सर्वांत पूर्णपणे ज्याच्या बाबतीत गोळा झाले, तो मासा भीमेचाही नाही आणि भारताचाही नाही. तो आफ्रिकी मांगूर, म्हणजे क्लारिआस गॅरिएपिनस होय. १९७० नंतर मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, कॅमेरून आणि नेदरलँड्स येथील संशोधकांनी त्याच्या नियंत्रित प्रजननाची पद्धती पायरीपायरीने बसविली. निवड त्याचीच होण्यास कारणेही होती. देशी मागुराची मादी काही हजार अंडी देते. आफ्रिकी मांगुराच्या एक किलो वजनाच्या मादीपासून साठ हजारांहून अधिक अंडी मिळू शकतात. तो झपाट्याने वाढतो, हवेतून श्वास घेत असल्याने दाटीत जगतो आणि मिळेल ते खातो. पोष ग्रंथी गोळा करण्याचा खटाटोपही पुढे राहिला नाही. १९८० नंतर कृत्रिम संप्रेरकांची तयार द्रावणे मिळू लागली; त्यांपैकी ओव्हाटाइड हे मुंबईत बनत असे. थोडीशी टाकी, वाहते पाणी आणि एक सुई एवढ्यावर हजारो मत्स्यजिरे एका रात्रीत तयार होऊ लागली.

हा मासा १९९० नंतर बांगलादेशमार्गे भारतात आला आणि ‘थाई मांगूर’ या नावाने पसरला. तो मांसभक्षक असून निसटून नदीत गेल्यास स्थानिक माशांचा फडशा पाडतो, या कारणास्तव केंद्र शासनाने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. बंदी असूनही पालन चालू राहिले. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने हे साठे नष्ट करण्याचे आदेश दिले, आणि त्यानंतर उजनी जलाशयाच्या परिसरासह महाराष्ट्रात ठिकठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाने कारवाई केली. कुकडी घोडेस मिळते, घोड भीमेस मिळते, आणि भीमेचे पाणी उजनीत साठते. जुन्नरच्या नदीचा आणि उजनीकाठच्या तळ्यांचा संबंध केवळ नकाशावरचा नाही; निसटलेल्या माशास तो प्रवाहाचा मार्ग आहे.

वरच्या बाजूसही पाण्याचे रूप पालटले. १९७० नंतरच्या दशकांत कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही धरणे झाली. वाहत्या नद्यांचे जलाशय बनले. डिंभे धरणात आंबेगाव हे गाव व आदिवासींच्या जमिनी गेल्या. विस्थापित महादेव कोळी व कातकरी कुटुंबांनी पुढे सहकारी संस्थेच्या द्वारे त्याच जलाशयात मासेमारीचा हक्क मिळविला. अशा जलाशयांत सोडावयाची बोटुकली कोणती, हा प्रश्न आला तेव्हा उत्तर आधीच ठरलेले होते : कटला, रोहू, मृगळ. यांपैकी एकही मासा मूळचा भीमेचा नव्हे. परंतु १९५७ नंतर त्यांचे बीज हवे तेव्हा, हवे तेवढे तयार करता येत होते, आणि उपजीविका शोधणाऱ्या कुटुंबांना बीज मिळते तोच मासा उपयोगाचा. शिंगाळ्याचे बीज कोणाजवळच नव्हते.

पुण्यातील अभ्यासाचा इतिहास या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. साइक्सनंतर येथील माशांच्या याद्या फ्रेझर यांनी १९४२ साली आणि सुटर यांनी १९४४ साली प्रसिद्ध केल्या. १९६३ साली जी. टी. टोणपी व लीला मुल्हेरकर यांनी पुण्याच्या गोड्या पाण्यातील माशांची नवी यादी दिली. त्यांपैकी लीला मुल्हेरकर या मुळात भ्रूणशास्त्रज्ञ. एडिंबरो येथे सी. एच. वॉडिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली शिकून त्यांनी कोंबडीच्या भ्रूणावर मौलिक काम केले आणि पुणे विद्यापीठात त्या विषयाची परंपरा रुजविली. भीमेचे मासे आणि भ्रूणविज्ञान ही दोन्ही एकाच अभ्यासिकेच्या हाती होती, तरी प्रयोगशाळेच्या मेजावर आले ते कोंबडीचे अंडे. यात नवल नाही. कोंबडीचे अंडे बाराही महिने, रोज सकाळी बाजारात मिळते. शिंगाळ्याचे अंडे वर्षातून एकदा, पुराच्या पाण्याखाली असते. विज्ञानाचे विषय जिज्ञासेने ठरतात तितकेच ते साहित्याच्या सुलभतेनेही ठरतात, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

या सुलभतेचा परिणाम मात्र प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. साइक्सने वर्णिलेला सिलोनिया चिल्ड्रेनी हा मासा आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त ठरला आहे. ज्यास पूर्वी क्लारिआस बाट्राकस म्हणत तो भारतीय मागूर आता क्लारिआस मागूर या नावाने स्वतंत्र जात मानला जातो, आणि तोही संकटग्रस्त आहे. एखादी जात नदीतून हटू लागली असता ती वाचविण्याचे दोन मार्ग असतात : तिची वीण होण्याची जागा राखणे आणि तिचे बीज तयार करून पाण्यात सोडणे. पहिल्यासाठी अंडी कोठे, केव्हा व किती खोल घातली जातात हे कळावे लागते. दुसऱ्यासाठी फलनापासून तोंड उघडेपर्यंतचा प्रत्येक तास माहीत असावा लागतो. भ्रूणविकासाची कोष्टके ही अभ्यासकांच्या कुतूहलाची बाब वाटते. वस्तुतः दोन्ही मार्ग त्यांच्यावरूनच जातात.

शिंगाळ्याच्या नियंत्रित प्रजननाचे प्रयोग अलीकडे झालेले आहेत, तथापि मागूर किंवा शिंगी यांच्या बाबतीत जी सुलभता आली ती येथे आलेली नाही. मागुराचे कोष्टक त्यास लावून भागणार नाही. ॲरिस्टॉटलच्या टीकाकारांची चूक तीच होती. घोगरा, शिंगटी, लोनाह यांच्याविषयीही असेच म्हणता येईल. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या पावसाळी तापमानात या जातींच्या अंड्यांस किती तास लागतात, धरणाच्या स्थिर पाण्यात त्यांच्या खळग्यांचे काय होते, कोवळ्या पिलांस किती प्राणवायू लागतो, हे प्रश्न पुण्यापासून एका दिवसाच्या अंतरावर सुटू शकणारे आहेत. त्यांसाठी फार मोठी साधनसामग्री लागत नाही. दोन-तीन पावसाळ्यांची चिकाटी, आणि नदीचा तळ ज्यांना ठाऊक आहे अशा मासेमारांचे साहाय्य लागते. १८३९ साली त्यांच्याच तोंडची नावे घेऊन शास्त्राने आरंभ केला होता. अंड्यांचा ठावठिकाणाही प्रथम त्यांनाच विचारावा लागेल.